समुपदेशकाची सनद

जालन्याच्या बाजारपेठेत औषधांचे दुकान मांडावयाचे झाले, तर १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये नोंदणी झालेला मनुष्य तेथे हजर असावा लागतो. जिल्हा न्यायालयात दुसऱ्याच्या वतीने उभे राहावयाचे झाले, तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालील सनद लागते. इतकेच काय, किराणा दुकानदाराच्या वजनमापांवरसुद्धा ठरल्या मुदतीत सरकारी शिक्का उमटावा लागतो. परंतु ज्याच्यासमोर बसून एखादी स्त्री चारचौघांत कधीही न बोललेले दुःख बोलते, किंवा कर्जाने गांजलेला शेतकरी जगण्याचा वीट आल्याची कबुली देतो, त्या मनुष्याने दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्यापूर्वी कोणत्या कचेरीत कोणता दाखला रुजू करावा, याचे सरळ उत्तर आपल्याकडे अनेक वर्षे नव्हते आणि आजही ते पुरतेपणी मिळत नाही. हे अराजक म्हणावे तर त्यात मोकळीकही आहे, आणि मोकळीक म्हणावी तर तिची किंमत प्रायः तोच मनुष्य मोजतो, ज्याच्यापाशी मोजण्यासारखे फारसे काही शिल्लक राहिलेले नसते.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची, म्हणजे मनोविकारांचे निदान व उपचार करणाऱ्यांची, नोंदणी सुरू झाली. त्यांच्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या संस्थांतील दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम हाच दीर्घकाळ राजमार्ग होता आणि आता त्या पदवीचीच गच्छंती होत असल्याने नव्या पदव्यांची तजवीज चालू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण-परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ते यांच्या व्याख्या केल्या. समुपदेशकाची मात्र स्वतंत्र व्याख्या त्यात आली नाही. २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा संमत झाला, तेव्हा वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या सदरात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना प्रथमच जागा मिळाली. या कायद्याची घडी तालुक्याच्या गावापर्यंत बसेपर्यंत काही काळ जाणार, हे उघड आहे.

आणि तोवर काम थांबलेले नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबादेतून वेगळा निघालेला, आठ तालुक्यांचा हा जालना जिल्हा, ज्याच्या मुख्य गावाला ‘जालना सोने का पालना’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे, तो आपल्या समृद्धीइतकाच आपल्या अवर्षणांसाठीही ओळखला जातो. बियाण्यांचा व्यवसाय आणि पोलादाचे कारखाने शहराच्या एका अंगाला. दुसऱ्या अंगाला २०१२-१३ च्या दुष्काळात उभ्या वाळलेल्या मोसंबीच्या बागा. फळझाड जळाले म्हणजे एका हंगामाचे नव्हे, कित्येक वर्षांचे उत्पन्न जाते आणि बँकेचे हप्ते मात्र जागच्या जागी राहतात, ही गोष्ट ज्याने बाग राखली आहे त्याला सांगावी लागत नाही. २०१५ साली राज्यशासनाने मराठवाड्याचे सर्व आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ या नावाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात जालना होताच. आशा स्वयंसेविकांनी घरोघर जाऊन विचारपूस करावी, ज्याच्या बोलण्यात नैराश्याची चिन्हे दिसतील त्याला आरोग्यकेंद्राकडे पाठवावे आणि तेथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयाकडे, अशी त्याची रचना. याखेरीज एच.आय.व्ही. तपासणीच्या केंद्रातला समुपदेशक, किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकमधला समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्रातला समुपदेशक, आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केलेल्या व पुढे राज्यभर पसरलेल्या स्त्रियांसाठीच्या विशेष कक्षांतील कार्यकर्त्या, असे हे खाते आता बरेच विस्तारले आहे. यांतील पुष्कळ जागा कंत्राटी असून त्यांच्या जाहिरातीत बहुधा मानसशास्त्रातील वा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी मागितलेली असते. तेव्हा ती पदवी घेणाऱ्यास तेथे नेमके काय शिकविले जाते, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

मानसशास्त्राच्या एम.ए.ला दोन वर्षे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत या दोन वर्षांचे ८८ श्रेयांक होतात आणि पहिल्या वर्षाअखेर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही मुभा आहे. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, मनोविकृती, संशोधनपद्धती व संख्याशास्त्र, मनोमापन आणि समुपदेशनाच्या विविध विचारसरणी हे त्यातील मुख्य विषय. १९०८ साली बोस्टनमध्ये कामकरी वर्गातील तरुणांना धंदा निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी फ्रँक पार्सन्सने उघडली, तेथून या शास्त्राचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे, आणि आपल्याकडचा धागाही तसाच व्यवसायमार्गदर्शनातून निघालेला आहे: मुंबईत बाटलीबॉय मार्गदर्शन केंद्र १९४१ मध्ये, पारशी पंचायतीचे १९४७ मध्ये आणि मुंबई सरकारचे १९५० मध्ये सुरू झाले. संसारातल्या आणि शय्यागृहातल्या अडचणींची वाच्यता करण्यास मराठी मनुष्याला जागा मिळाली ती मात्र याही आधी, र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात, जे १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत राहिले; समुपदेशनाच्या पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख येत नाही, यात पाठ्यपुस्तकाचेच दारिद्र्य दिसते.

कार्ल रॉजर्सचे नाव विद्यार्थ्याच्या कानी पहिल्याच सत्रात पडते. १९४२ च्या आपल्या ग्रंथात त्याने सल्ला देणाऱ्याच्या उच्चासनावरून समुपदेशकाला खाली आणले आणि पुढे १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की समोरच्या मनुष्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या ठिकाणी जाऊन पाहण्याची तदनुभूती आणि स्वतःच्या वागण्यातील सच्चेपणा, एवढ्या गोष्टी असतील तर परिवर्तन घडते. त्याच्या उलट बाजूस अल्बर्ट एलिस: मनुष्य घटनांनी नव्हे, तर घटनांविषयीच्या आपल्या हट्टी समजुतींनी दुःखी होतो, असे मानून त्या समजुतींशी वाद घालणारा. एलिसचे हे विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून आत्मसात केले आणि मराठी वाचकांपर्यंत आणले, त्यामुळे महाराष्ट्रात या विचारसरणीला जे अनुयायी लाभले ते भारताच्या अन्य प्रांतांत क्वचितच लाभले असतील. मनोमापनातही मराठीची एक जुनी कमाई आहे. १९३० च्या दशकात बिनेची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड मुलांवर प्रमाणित करून कामत यांनी जी बिने-कामत कसोटी सिद्ध केली, ती इतकी टिकाऊ निघाली की तिचे निकष जुने झाले असे सर्व जण म्हणतात आणि तरी मुलाच्या बुद्ध्यंकाचा दाखला हवा असला की पुष्कळ ठिकाणी अजून तीच पेटी उघडतात.

हे सारे वाचनाने साध्य होण्यासारखे आहे आणि परीक्षेत उतरण्यासारखेही. अडचण त्यापुढे आहे. रॉजर्सवर सोळा गुणांचे उत्तर उत्कृष्ट लिहिणारा विद्यार्थी प्रत्यक्ष मनुष्यासमोर बसला की पहिल्या तीन मिनिटांत उपदेश करू लागतो, हा अनुभव शिकविणाऱ्या कोणासही नवा नाही. कौशल्याच्या तासाला काय चालते ते थोडे जवळून पाहिले म्हणजे हे ध्यानी येईल. समजा, दोन खुर्च्या किंचित तिरप्या मांडल्या आहेत. एक विद्यार्थिनी घनसावंगीकडच्या ऊसतोड कामगाराच्या, दहावीतल्या मुलाची भूमिका करीत आहे. ती म्हणते, ‘अभ्यासात मन लागत नाही सर. आई-बाप कारखान्यावर गेलेत. आजी म्हणते, आता तूच घरातला कर्ता.’ समोरचा भावी समुपदेशक मागचापुढचा विचार न करता उत्तरतो, ‘असं कर, तू एक वेळापत्रक बनव. पहाटे उठत जा. दहावीचं वर्ष महत्त्वाचं असतं बघ.’ येथे शिक्षक हात वर करून थांबवितात आणि विचारतात, की मुलाने तीन वाक्ये उच्चारली, त्यांपैकी कितींना उत्तर मिळाले? विद्यार्थी ओशाळतो. दुसऱ्या खेपेस तो थोडा वेळ गप्प बसून म्हणतो, ‘आई-बाप लांब, आणि घरातलं मोठं माणूस व्हायची वेळ तुझ्यावर आलीय.’ आणि यावर, भूमिका करणाऱ्या मुलीलाही आधी ठाऊक नसलेले वाक्य तिच्या तोंडून येते: ‘धाकटी रात्री रडती. मग मी पुस्तक मिटतो.’ वेळापत्रकाने जे कळले नसते ते येथे कळले. रात्री पुस्तक का मिटते, याचे कारण पहाटे उठण्याने दूर होणारे नव्हते.

या संवादाची पुढे शब्दशः नोंद करावी लागते. कागदावर तीन रकाने: सल्लार्थी काय बोलला, मी काय बोललो, आणि त्या क्षणी माझ्या मनात काय चालले होते. पहिले दोन रकाने विद्यार्थी भराभर भरतो. तिसऱ्यापाशी त्याची लेखणी अडते, कारण तेथे त्याला लिहावे लागते की ‘मला भीती वाटली’, ‘मला माझा भाऊ आठवला’, ‘मला ही बाई खोटे बोलते आहे असे वाटले’, किंवा ‘मला घड्याळ दिसत होते’. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमाचा गाभा त्या तिसऱ्या रकान्यात आहे आणि नेमका तोच रकाना विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत कोठे उतरत नाही. तो वाचून त्यावर विद्यार्थ्याशी तासभर बोलणारा ज्येष्ठ मनुष्य असावा लागतो. या व्यवहारास पर्यवेक्षण म्हणतात. बोलीत सगळे ‘सुपरव्हिजन’च म्हणतात. नवा वकील ज्येष्ठाच्या कचेरीत बसून दाव्याचे मसुदे करतो आणि तांबड्या शाईने खोडून घेतो, तोच हा शिरस्ता, फरक इतकाच की येथे मसुद्यासोबत स्वतः मनुष्यही खोडला जातो.

पर्यवेक्षणाचे मोल ज्या देशांत कळले, त्यांनी ते तासांत बांधून टाकले. अमेरिकेत मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रथम १०० तासांचा सराव व नंतर ६०० तासांची इंटर्नशिप आवश्यक असून त्यांपैकी अनुक्रमे ४० व २४० तास प्रत्यक्ष सल्लार्थ्यांसोबत जावे लागतात. ब्रिटनमधील समुपदेशकांची संघटना मान्य अभ्यासक्रमात पर्यवेक्षणाखालील किमान १०० तासांचे प्रत्यक्ष काम मागते, आणि पुढे व्यवसाय करीत असतानाही पर्यवेक्षकाकडे जाणे संपत नाही. आपल्याकडे नव्या रचनेत प्रत्यक्ष कार्यानुभवाला चार श्रेयांक आहेत, म्हणजे सुमारे १२० तास. आणि ते तास विद्यार्थ्याने कोणासमोर बसून काढले, की एखाद्या संस्थेच्या दफ्तरात नोंदवह्या उतरवून घेण्यात काढले, हे सर्वस्वी महाविद्यालयाच्या चोखंदळपणावर अवलंबून राहते.

अशा वेळी गोव्याचे उदाहरण मोठे बोलके ठरते. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य मनुष्यांना शिकवून नैराश्याने पीडित रुग्णांशी सहा ते आठ आठवडे, दर आठवड्यास एक सत्र, असे काम करण्यास लावले आणि त्याचा गुण येतो असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. त्याच संस्थेच्या अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ उपक्रमात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण २०१३ मधील ४.३ टक्क्यांवरून २०१५ मध्ये २७.२ टक्क्यांवर गेले. या निष्कर्षांचा अर्थ पदवी निरुपयोगी आहे असा काढणारे मला भेटले आहेत. मला तो उतावळा वाटतो. गोव्यातील त्या समुपदेशकांची सत्रे ध्वनिमुद्रित होत, ते एकत्र बसून एकमेकांची सत्रे ऐकत आणि त्यांना गुण देत. म्हणजे पदवी नव्हती पण पर्यवेक्षण होते. आपल्या पदवीधरांची अवस्था पुष्कळदा याच्या उलट असते.

जालन्यात शिकणाऱ्यापुढे आणखी काही गोष्टी येतात, ज्या मुंबईच्या पुस्तकात नाहीत. गुप्ततेचा नियम घ्या. सल्लार्थ्याने सांगितलेले बाहेर जाऊ नये, हे वाक्य पाठ करणे सोपे. परंतु मंठा किंवा जाफ्राबादसारख्या गावात समुपदेशक हा कोणाचा तरी मावसभाऊ, कोणाच्या तरी मुलीचा मास्तर असतोच, आणि काल आपल्यासमोर रडलेली स्त्री आज लग्नाच्या पंगतीत शेजारी बसते. तिने ओळख दाखविल्याशिवाय आपण दाखवू नये, हे तेथे शिकावे लागते. गुप्ततेला मर्यादाही आहेत: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये ते पोलिसांना कळविणे बंधनकारक असून तेथे गप्प बसणे हा अपराध ठरतो. ही मर्यादा पहिल्याच भेटीत, मनुष्याने तोंड उघडण्यापूर्वी, त्याला समजेल अशा भाषेत सांगणे ही स्वतंत्र विद्या आहे. भाषेचे म्हणावे तर शहरात दख्खनी वळणाची उर्दू, तांड्यावर गोरमाटी आणि शिवारात मराठवाडी. तक्रार बहुधा ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडते’, ‘झोप उडाली’ अशी शरीराच्या वाटेने येते, आणि रुग्ण दवाखान्यात येण्यापूर्वी देवऋषाकडे किंवा दर्ग्यात जाऊन आलेला असतो. त्याबद्दल त्याला लाजविणारा समुपदेशक दुसऱ्या भेटीची आशा सोडून देवो.

सर्वांत कठीण धडा आत्महत्येच्या विचारांविषयी विचारण्याचा. विषय काढला तर तो विचार मनात रुजेल, या भीतीने नवा विद्यार्थी आडवळणे घेत राहतो; वस्तुतः सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनाने पुष्कळ वेळा दाखविले आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे स्पष्ट विचारावे, उत्तर होकारार्थी आल्यास ‘कसे, केव्हा ठरविले आहे का’ हेही विचारावे, आणि समोरचा मनुष्य शेतकऱ्याच्या घरातला असेल तर ‘फवारणीचे औषध कोठे ठेवता’ हा प्रश्न टाळू नये, कारण तो डबा काही दिवस शेजाऱ्याच्या कुलपात गेल्यानेसुद्धा प्राण वाचतात. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, हे या संदर्भात विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. तसेच, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखाली असलेला मानावे, असे २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम सांगते; घाबरलेल्या कुटुंबाला पोलीस ठाण्याची भीती घालणारा सल्ला देणे म्हणजे अज्ञान. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोलता येते, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

जालन्याच्या विद्यार्थ्याला हे शिकावयाचे तर तो जातो कोठे? सुमारे साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि तेथे १९५८ साली स्थापन झालेले, आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ज्यांना ऐपत आणि गुण दोन्ही आहेत ते मुंबईस टाटा संस्थेत, किंवा डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात उभारलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी. नोकरी किंवा संसार सांभाळणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाचा दरवाजा होता, परंतु २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संलग्न विषय त्या पद्धतीने शिकविण्यास मनाई केली आहे. तत्त्वतः ही मनाई योग्य आहे. टपालाने कोणी ऐकावयास शिकत नाही. मात्र परतूरच्या एखाद्या गृहिणीला, जिची बसच्या वेळांशी आणि सासूच्या औषधांच्या वेळांशी रोज गाठ आहे, एक दार बंद झाले आणि दुसरे उघडले नाही, हेही तितकेच खरे.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी अशा विद्यार्थ्याने माहितीपत्रकातील इमारतीचे छायाचित्र बाजूस ठेवून तीन प्रश्न विचारावे: मला किती सल्लार्थी भेटतील, माझे बोलणे कोण ऐकेल, आणि ते ऐकणाऱ्याने स्वतः अशा कामात किती वर्षे घालविली आहेत. ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येईल तेथे फी भरू नये.

आता जिल्ह्यात काही हालचाल आहे. २०२४ मध्ये जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी यांच्या जोडीस येथे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास शासनाची मंजुरी मिळालेली आहे. खाटा येतील, मनोविकारतज्ज्ञही येतील. त्यांच्यासोबत आठवड्यातून एक दुपार, आठही तालुक्यांतील कंत्राटी समुपदेशकांना आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून त्यांचे तीन रकान्यांचे कागद वाचणारा एखादा अनुभवी पर्यवेक्षक ठेवता आला, तर बाहेरगावी न जाता शिकण्याची सोय होईल. त्यास यंत्रसामग्री लागत नाही. खर्च म्हणावा तर एका मनुष्याचे मानधन आणि तालुक्याहून येणाऱ्यांचा बसभत्ता. तो आरोग्यखात्याने सोसावा, की पदवी देणाऱ्या विद्यापीठाने, आणि त्या दुपारची हजेरी कंत्राटी समुपदेशकाच्या कामाच्या तासांत धरावी की त्याच्या रजेतून कापावी, एवढे प्रथम ठरवून घ्यावे लागेल.